उखळातला हात

कुरोतानीच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष मित्सुरु पंच्याहत्तर वर्षांचा झाला आणि गावावर मोठंच संकट कोसळलं. म्हणजे गावाला काही तसं वाटत नव्हतं, मित्सुरुला वाटत होतं. पंच्याहत्तरी गाठली की माणूस ज्येष्ठांत जातो, असा गावचा नियम. सप्टेंबरात ज्येष्ठांच्या दिवशी त्यानं सभाघरात गादीवर बसायचं आणि तरुण मंडळानं त्याला वाढायचं. आता डोंगरातल्या या गावात खरे तरुण होते कुठे? ते ओसाकाला गेले आणि तिकडचेच झाले. मंडळात सगळ्यात धाकटा गडी साठी उलटलेला, आणि उकिडवा बसला की उठायला त्याला खांब लागायचा. पण मंडळ ते मंडळ!

त्या दिवशी अंगणात मऊ लाडवांसाठी भात कुटायचा मान अध्यक्षाचा. वाफवलेला चिकट भात दगडी उखळात ओतायचा, लाकडी घण डोक्यावर न्यायचा आणि धाडकन खाली आणायचा. दोन घावांच्या मधल्या फटीत कुणीतरी ओला हात उखळात घालून भात उलथायचा. मित्सुरुच्या घणाखाली हात घालायची ती त्याची बायको फुसाए. घाव, हात, घाव, हात. लग्न झाल्यापासून हे असंच चाललेलं. बघणारे म्हणायचे, एकाच माणसाला चार हात फुटलेत.

आठवडाभर आधी यासुनोरी आमंत्रण घेऊन दारात उभा राहिला. हा नवा अध्यक्ष, वय सदुसष्ट. कमरेत वाकून म्हणाला, "मित्सुरुसान, यंदा तुम्ही वर बसायचं. घण मी घेतो."

"तू? अरे, मागच्या महिन्यात छत्री उघडताना तुझी पाठ धरली होती!"

"आता बरी आहे."

"घण म्हणजे छत्री नव्हे!"

"अहो, घरात तरी घ्या त्याला," आतून फुसाए म्हणाली. मित्सुरुनं घेतलं नाही. आमंत्रण मात्र घेतलं, कारण ते न घेणं म्हणजे गावाशी वैर. रात्री त्याला झोप लागेना. आता आपण कोण? औषधाच्या डब्या मोजणारा आणखी एक म्हातारा. गेल्या वर्षी ज्येष्ठांत गेलेले दोघे आता दुपारी तीनलाच दिवे लावून बसतात, हे त्याला दिसत होतं. एकदा बसला की माणूस उठत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती.

तो दिवस उजाडला. सभाघराची सरकती दारं अंगणाकडे सताड उघडलेली. गाद्यांची रांग, प्रत्येक गादीसमोर नावाची चिठ्ठी आणि लाल दाण्यांच्या भाताचा डबा. मित्सुरुला चौऱ्याण्णव वर्षांच्या किनुबाचानशेजारी जागा मिळाली. गावभर तिला बाचान म्हणजे आजीच म्हणत.

"ये रे पोरा," किनुबाचान म्हणाली. "पहिल्या दिवशी सगळ्यांचीच तोंडं अशी होतात. नंतर सवय होते."

त्याच्या दुसऱ्या बाजूची गादी रिकामी होती. त्यानं चिठ्ठी वाचली. फुसाए.

"ही हिची?"

"मग कुणाची? तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी ना ती? दोन वर्षं मांडतात, तिसरं हे. येतच नाही. विचारलं तर म्हणते, मी बसले तर उखळात हात कोण घालणार?"

हे ऐकून मित्सुरुची छाती फुगली. बघा! बायको असावी तर अशी! तिलाही बसून राहणं मान्य नाही. आपल्याच जातीची आहे.

अंगणात भात आला. वाफेचा लोट उठला आणि त्या वासानं मित्सुरुच्या दंडाला मुंग्या आल्या. यासुनोरीनं घण उचलला. फुसाए बाह्या सरसावून उखळापाशी गुडघ्यावर बसली, बाजूला पाण्याची बादली.

"हय्या!" लोक ओरडले.

घाव पडला, पण भाताच्या कडेला. दुसरा घाव पडायला इतका वेळ लागला की फुसाएनं दोनदा भात उलथून वर कपाळ पुसून घेतलं. तिसऱ्या घावाला भात घणालाच चिकटला आणि यासुनोरी तो झटकत बसला.

"हे कुटणं आहे की माशा मारणं?" मित्सुरु जागेवरूनच गरजला.

"बस खाली," किनुबाचान म्हणाली.

पण बसतोय कोण? हातातला पेला त्यानं खाली ठेवला, पायात कुणाच्या तरी चपला अडकवल्या आणि अंगणात उडी घेतली. पायरी एकच होती, पण उडी ती उडी. गुडघा कळवळला. त्यानं गुडघ्याकडे लक्ष दिलं नाही.

"आण इकडे!"

यासुनोरीनं मुकाट्यानं घण दिला. खरं सांगायचं तर त्याला सुटल्यासारखं झालं असावं. सभाघरातले सगळे ज्येष्ठ दाराशी सरकले. कुणी काठ्या आपटल्या, कुणी टाळ्या पिटल्या.

"हय्या!" धाड.

"हो!" फुसाएचा हात आत, हात बाहेर.

"हय्या!" धाड.

काय तो ताल! वीस वर्षं गळून पडली अंगावरून! वाफ नाकात जात होती, घाम डोळ्यांत उतरत होता, आणि मित्सुरु मनात म्हणत होता, कोण म्हातारा? कुठला म्हातारा? लोकांच्या आरोळ्या चढत गेल्या, तसा त्यानं वेग वाढवला. घण आणखी उंच नेला. खाली आणला. आणखी उंच. दम लागला, पण थांबतो कसला.

आणि घण उखळाच्या काठावर आदळला.

खाडकन आवाज झाला. लाकडाचा एक कपचा उडून बादलीत पडला. फुसाएचा हात काठाला टेकलेला होता, घणापासून बोटभर अंतरावर.

"लागलं?" मित्सुरुनं घण खाली टेकवत विचारलं.

"नाही हो. मारा. भात गार होतोय."

"तुझा हात उशिरा निघाला."

"माझा हात उशिरा निघतो, तुमचा घण वाकडा येतो. दोन वर्षं झाली, दोघांचं मिळून कसंबसं जमवतेय."

"दोन वर्षं? आणि बोलली नाहीस?"

"बोलून काय करू?" फुसाएनं हात बादलीत बुडवला. तिच्या बोटांची पेरं सुजलेली होती. "तुम्ही थांबला असता. मग वर्षभर तोंड पाडून घरात बसला असता आणि ते तोंड मला बघावं लागलं असतं. त्यापेक्षा हात घातलेला परवडला."

लोक खो खो हसले. मित्सुरुला हसू आलं नाही. तो त्या पेरांकडे बघत राहिला. रोज सकाळी हीच बोटं त्याच्यापुढे चहाचा पेला ठेवतात, आणि त्याला ती आज दिसली. आपल्याच जातीची आहे म्हणे! तिला बसायचं होतं. ती आपल्यापायी उठून उभी होती. मित्सुरुला स्वतःची लाज वाटली, अगदी भर अंगणात, सगळ्या गावासमोर.

त्यानं घण यासुनोरीच्या हातात दिला. सगळ्यांना वाटलं, आता हा वर जाऊन बसणार. पण त्यानं बाह्या वर केल्या आणि फुसाएच्या दंडाला धरून तिला उठवलं.

"तू वर जा. तुझी गादी मांडलीय."

"आणि भात कोण उलथणार?"

"मी."

सभाघरात हलकल्लोळ उडाला. "मित्सुरुसान, हात घालणार! बघा, बघा!" किनुबाचाननं कानातलं यंत्र ठाकठीक केलं. यासुनोरीचा चेहरा पांढरा पडला. "मित्सुरुसान, मी नवखा आहे. तुमच्या हातावर बसला तर?"

"उखळात तोंड घातल्यावर घणाला काय भ्यायचं? मार!"

बोलणं सोपं असतं. मित्सुरुनं हात आत घातला, वर बघितलं, आणि ते अवजड लाकूड आभाळातून थेट आपल्याकडे येताना दिसलं. हात त्यानं असा काही ओढला की स्वतःच मागे कोलमडला. घाव बरोब्बर भाताच्या मधोमध पडला.

सगळ्यांत मोठ्यानं हसली फुसाए. ती गादीवर पाय पसरून बसली होती, तोंडात लाल दाण्यांचा भात. तिला असं बसलेलं गावानं कधी बघितलंच नव्हतं.

"अगं," मित्सुरु जमिनीवरूनच ओरडला, "तुला भीती नाही वाटायची?"

"दरवेळी वाटायची!"

"मग इतकी वर्षं घातलास कसा हात?"

"वर बघायचेच नाही मी!" ती म्हणाली. "बघितलं असतं तर केव्हाच माहेरी पळाले असते!"

मित्सुरु उठून गुडघ्यांवर बसला. त्यानं हात बादलीत बुडवला, मान खाली घातली आणि वर न बघता हात उखळात घातला.

"हय्या!" गादीवरून फुसाए ओरडली.