माझ्या पोटावरची चमकी

मी तनुजाचा लॅपटॉप बोलतोय. हळदीकुंकू लावून, झेंडू वाहून पूजलेला, आणि त्याच दिवशी घरच्याच माणसाने पोट उघडलेला. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

तनुजा कर्वेनगरला कायद्याचं शिकते. घर मात्र महापालिकेच्या हद्दीत नुकत्याच घेतलेल्या एका गावात. तिथला ओढा एका बिल्डरने राडारोडा टाकून बुजवला. ज्या बायकांनी ते पाहिलं, त्यांनी बिल्डरविरुद्धच्या तक्रारीसाठी तनुजाला जबाब दिले, पण नाव फुटता कामा नये या अटीवर. त्यांचे नवरे त्याच बिल्डरच्या साइटवर कामाला आहेत. ते जबाब आणि ती नावं माझ्या पोटात होती, पासवर्डशिवाय एक अक्षरही वाचता येणार नाही अशी.

माझ्या तळाच्या प्रत्येक स्क्रूवर तनुजाने चमकीचं नेलपॉलिश लावलं आणि मोबाइलवर जवळून फोटो काढून ठेवले. चमकीचे कण दर वेळी वेगळे बसतात. स्क्रू काढून कुणी पुन्हा रंगवला, तर फोटोशी जुळत नाही.

"नखं सोडून लॅपटॉप रंगवतेस? लग्न ठरलंय का त्याचं?" तिचा चुलतभाऊ साईनाथ म्हणाला.

हा साईनाथ हल्ली बिल्डरच्या गाडीतून उतरायचा. घरच्यांना त्याचं कौतुक! माणसं गाडी बघतात, ती कुणाची हे विचारत नाहीत.

दसऱ्याला तनुजाच्या आईने, मथुराबाईंनी, मला कोयता-फावड्याशेजारी पाटावर मांडलं.

"पुरता बंद कर त्येला. आज त्येलाबी सुट्टी हाय."

"अगं आई, झाकण मिटलं की झालं."

"मिटलं म्हंजी झोपलं. मी बंद कर म्हणतीय."

तनुजाने हसत मला बंद केलं. पूजेच्या हत्याराला त्या दिवशी कुणी हात लावत नाही. म्हणून संध्याकाळी सगळे सोनं वाटायला निघाले, तेव्हा मला कपाटात ठेवावं असं सावध तनुजाच्याही मनात आलं नाही.

"माझं डोकं दुखतंय," म्हणत साईनाथ मागे राहिला.

त्याने मला देवासमोरून उचललं, पालथं घातलं आणि स्क्रू काढले. माझी डिस्क स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. मी नुसता झोपलेला असतो, तर कुलपाची किल्ली माझ्या आठवणीत जागी सापडली असती; पण मी पुरता बंद होतो, त्यामुळे पासवर्डशिवाय त्याला नुसता अक्षरांचा कचरा दिसला. मग या माणसाने माझ्या कीबोर्डच्या तारेवर एक बारीक चकती बसवली, तनुजा पासवर्ड टाकेल तो चोरायला. तिच्याच बाटलीतलं नेलपॉलिश स्क्रूंना फासलं. वर झाकणावरचं पुसलेलं कुंकू पुन्हा लावलं, देवाच्या डोळ्यांदेखत! तेव्हा मला तोंड असतं तर मी त्याचं बोट चावलं असतं.

सकाळी तनुजाने मला मांडीवर घेतलं. बोट बटणाकडे गेलं. नको, नको, असं मी आतून ओरडत होतो. तिने एकदा पासवर्ड टाकला असता, तर त्या बायकांची घरं उघड्यावर आली असती.

"थांब गं, कुंकू पूस आधी," म्हणत मथुराबाईंनी मला ओढून घेतलं. पुसता पुसता पालथं केलं. "ह्याच्या पोटाला कुंकू कसं? मी तर वरनं लावलं हुतं."

तनुजाने मोबाइल काढला. एक फोटो, एक स्क्रू. दुसरा फोटो, दुसरा स्क्रू. चमकीचे कण कुठेच जुळेनात.

साईनाथ चहा घेऊन दारात आला. "काय झालं, चालू होईना का? खोलून बघू?"

"नको दादा. पूजेच्या दिवशी बघितलंस तेवढं पुरे झालं."

मथुराबाईंनी त्याच्या हातातला कप काढून घेतला.

बायकांच्या जबाबांची दुसरी प्रत खडकीला, ही तक्रार लढवणाऱ्या वकील दीपालीताईंकडे आहे. काम थांबणार नाही, फक्त ते माझ्यावर होणार नाही. मी आता माळ्यावर आहे. तनुजा, माझा राग चोरावर आहे, तुझ्यावर नाही. पण कधी अडलंच आणि माझी आठवण झाली, तरी मला चालू करू नकोस. घरच्याच माणसाने त्या चकतीशिवाय माझ्या आत आणखी काय काय ठेवलंय, ते आता मलाही सांगता येत नाही.