आवाज नसलेला हिवाळा

लॅचीला डोक्यात आवाज ऐकू यायला लागले तेव्हा त्याला नीट मिसरूडही फुटलं नव्हतं. आता त्याची पन्नाशी उलटली होती. आई गेल्यापासून थोरली बहीण नोएलीनच त्याचं सगळं बघायची. ती ब्लफ गावच्या बंदरावर कालवं फोडायच्या शेडमध्ये कामाला होती. तिचं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. तो विषय ती काढत नसे.

इतक्या वर्षांत औषधं बरीच झाली. आधी इंजेक्शन. त्यानं आवाज दबले, पण लॅचीचा ओंडका झाला. हात थरथरायचे, लाळ गळायची, चेहरा कोऱ्या भिंतीसारखा. मग गोळ्या आल्या. थरथर गेली, पण भूक अशी खवळली की तो फ्रीज रिकामा करून दुपारपर्यंत घोरत पडायचा. आवाज मात्र मजेत होते. एकदा त्यांचं ऐकून तो नोएलीनच्या अंगावर धावूनही गेला होता. प्रत्येक नवा डॉक्टर विचारायचा, “यातलं कुठलं बरं वाटलं?”

“आगीतून फुफाट्यात आणि फुफाट्यातून आगीत,” नोएलीन म्हणायची. “तुम्हीच ठरवा.”

शेवटी जवळच्या इन्व्हरकार्गिल शहरातल्या डॉक्टर पार्किनबाईंनी क्लोझापिन सुरू केलं. “बाकी सगळं हरलं की आम्ही हे देतो,” त्या म्हणाल्या. “पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात. दर आठवड्याला रक्त तपासावं लागेल.”

बरेच दिवस काहीच घडलं नाही. मग एका सकाळी खिडकीबाहेर बघत लॅची म्हणाला, “वारा वाढलाय. आज बोटी जायच्या नाहीत.”

नोएलीनच्या हातातला कप तसाच राहिला. वारा आपल्याबद्दल काय कुजबुजतो, हे लॅचीनं तिला हजारदा सांगितलं होतं. नुसता वारा वाढलाय, असं तो कधीच म्हणाला नव्हता.

त्या हिवाळ्यात तो शेडमध्ये यायला लागला. शिंपल्यांच्या टोपल्या उचलायचा, फरशी धुवायचा. नोएलीनच्या शेजारी उभी राहणारी रिपेका भारी तोंडाळ. ती एकदा म्हणाली, “काय रे लॅची, इतकी वर्षं बहिणीला एकटीला राबवलंस, लाज नाही वाटली?”

“मी रजेवर होतो,” लॅची म्हणाला.

शेडभर हशा पिकला. नोएलीन मागे नळावर गेली आणि पाणी सोडून रडली.

हिवाळा सरत आला आणि दवाखान्यातून फोन आला. दोघांना ताबडतोब बोलावलं होतं.

“पेशी फार घसरल्यात,” डॉक्टर म्हणाल्या. “औषध आजच बंद करायचं.”

“थोडं कमी करून बघा ना,” नोएलीन म्हणाली.

“नाही चालणार. साधा ताप आला तरी जीव जाईल त्याचा.”

“अहो, जीव आत्ता कुठे आलाय त्याच्यात!”

डॉक्टरांनी हलकेच विचारलं, “आधीच्यापैकी काय सुरू करू? इंजेक्शन की गोळ्या?”

“सुळावर की फासावर, असंच विचारताय की हो तुम्ही.”

“इंजेक्शन,” लॅची म्हणाला. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. “त्यात निदान मी हिच्या अंगावर जात नाही.”

चार-पाच दिवसांनी दोघं धक्क्याजवळच्या बाकावर बसले होते. समोरची सामुद्रधुनी करडी आणि चिडलेली. नोएलीननं बराच वेळ धीर गोळा केला.

“येतायत का रे ऐकू?”

“बोलत नाहीत अजून,” तो म्हणाला. “घसा खाकरतायत.”

तिनं त्याचा हात धरला.

“नोएलीन, मी नंतर तुला काहीबाही बोलेन. ते मनावर घेऊ नकोस.”

“नाही घेणार,” ती म्हणाली. पण घेणार, हे तिला ठाऊक होतं. आधीही घेतलंच होतं.

“आणि मध्यंतरी मी बरा होतो, हे मला तेव्हा सांगत बसू नकोस. मला ते खरं वाटणार नाही, आणि तुला उगाच त्रास.”

इंजेक्शन पुन्हा सुरू झालं, पण या वेळी आवाज त्यानंही दबेनात. लॅची पडदे ओढून बसायला लागला. हात थरथरायला लागले होतेच. एका संध्याकाळी नोएलीननं त्याच्या आवडीचे चीज रोल भाजून गरमागरम त्याच्यापुढे ठेवले. त्यानं वाकून वास घेतला आणि ताटली मागे सारली.

“विष घातलंयस तू यात.”

नोएलीननं एक रोल उचलून खाल्ला. ती कोसळते का, हे तो डोळे न हलवता बघत राहिला. ती कोसळली नाही.

“त्यात नसेल,” तो म्हणाला. “दुसरा खा.”

तिनं दुसरा खाल्ला. त्यानं तिसऱ्याकडे बोट केलं. तिनं तोही खाल्ला.

ताटली रिकामी झाली. लॅची उपाशीच राहिला.