शिडीखालचं नाव

जावयाला मिळणार होतं ते एवढंच: शिडीच्या तिसऱ्या पायरीखाली चार बोटं जागा. पण चौदा वर्षं सासऱ्याच्या कारखान्यात रंधा मारून ज्याचं नाव एकाही वस्तूवर नाही, त्याला ती चार बोटं चार एकरांसारखी दिसत होती. तिथला रिवाजच तसा. वस्तूखाली ज्याचं नाव, त्याची जबाबदारी. आणि मोठ्या वस्तूखाली एकदा नाव लागलं, की ते दारावरच्या पाटीवर चढायचं.

शिडी शाळेच्या ग्रंथालयासाठी होती. पॉलिश वाळलं आणि सासरे डोळ्याच्या ऑपरेशनला निघाले. आठवड्याचा मुक्काम. गाडीत बसताना म्हणाले, "मी यायच्या आत शिडी गेली, तर नाव तुमचं टाका, जावईबापू. पण आधी खालून बघा."

जावयाने बघितलं. तिसऱ्या पायरीच्या सांध्याजवळ खडूची फुली होती. फुली म्हणजे पायरीवर आठ दिवस वाळूची पोती ठेवायची, मगच वस्तू बाहेर. आठ दिवस म्हणजे सासरे परत, आणि खाली नाव पुन्हा त्यांचंच. जावयाने पायरी दाबली, वाकून कान लावला. काही वाजलं नाही. म्हाताऱ्याला फुल्या मारायची खोडच आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि स्वतःला ते लगेच पटलं.

मग तो पेन आणायला गेला. सोबत पॉलिश केलेला लाकडाचा तुकडा नेला. स्टेशनरीवाल्याच्या काउंटरवर तासभर परीक्षा चालली. जेल पेनाची शाई पॉलिशवर थेंबाथेंबाने बसली आणि अंगठा लागताच फराटा उठला. बॉलपेन घसरलं, वर ओरखडा ठेवून गेलं. साधा मार्कर छान उठला, पण वरून वॉर्निश फिरवलं की विरघळेल, हे जावयाला ठाऊक होतं. स्टेशनरीवाला म्हणाला, लोक मुलीसाठी स्थळसुद्धा इतकं पारखत नाहीत. शेवटी ऑइल पेंटचा बारीक टोकाचा मार्कर निघाला. रेघ जिथे ओढली तिथेच राहिली.

आता पृष्ठभाग स्वच्छ हवा. त्याने ओलं फडकं घेतलं, फुलीवरून दोनदा फिरवलं, कोरडं केलं, बारीक पॉलिशपेपरने हलकं घासलं. अक्षरं सुरेख आली. ती एक दिवस सुकू दिली. पायरीवर वाळूचं एक पोतं काही ठेवलं नाही.

पॉलिशचं काम बायकोकडे असायचं. ती वॉर्निश घेऊन आली आणि फडक्याकडे बघत राहिली.

"अहो, याला खडू कसा?"

त्याने खोडीचं सांगितलं.

"मागे एका पाळण्यालाही बाबांनी फुली मारली होती. सातव्या दिवशी पोत्यासकट सांधा निसटला. विसरलात? पुसा ते नाव."

त्याने उत्तरादाखल अक्षरांवरून अंगठा जोरात फिरवला. अंगठा कोरडाच राहिला. तो हसला. तिने वॉर्निशचा डबा तसाच ठेवला आणि निघून गेली. वॉर्निशचा हात मग त्यानेच फिरवला.

शिडी शाळेत पोचली. पुढचे चार दिवस बायको शाळेसमोरून जाताना चाल वाढवत होती.

पाचव्या दिवशी शाळेतून फोन आला. नुकतेच परतलेले सासरे डोळ्यावर हिरवी पट्टी बांधूनच गेले. शिडी आडवी पडलेली, तिसरी पायरी सांध्यातून निसटलेली. म्हाताऱ्याने ती उचलून पालथी केली, एका डोळ्याने नाव वाचलं, मग नावाशेजारची चकचकीत, कोरी जागा बोटाने चाचपली.

"पेन चांगलं निवडलंत," ते म्हणाले. एवढंच.

तेव्हा गोळाबेरीज अशी. जावयाला नाव मिळालं. पॉलिश खरवडल्याशिवाय ते निघायचं नाही. सासऱ्यांनी दारावरची पाटी स्वतःच्या हाताने उतरवली, आणि त्या जागी दुसरी लागली नाही. बाकीचं सगळं भरलं ग्रंथपाल बाईंनी, खुब्याच्या हाडाने. शिडी पालथी करून खालचं नाव वाचायचं त्यांना कधी कारणच पडलं नव्हतं.