चुंबकाखाली

"वहिनी, आज पंपाच्या कोपऱ्यात खणायचंय," खोदयंत्राच्या दारातूनच दिराने सांगितलं. "तू आज घरी जा."

"का? मला काय धाड भरलीय?"

तिने नाकाला फडकं बांधलं आणि ती सरकत्या पट्ट्याशी जाऊन उभी राहिली. वीजकेंद्राच्या जुन्या राखेतून महागडे धातू काढायचा हा कारखाना. पट्ट्यावरची राख आम्लाच्या टाकीत पडायची. त्याआधी वर टांगलेल्या चुंबकाला खिळे, तारा चिकटत. ते ओढून भंगारात टाकायचे, एवढंच तिचं काम. साहेब म्हणत, या राखेत सोन्याहून मोलाचा माल आहे. असेल बापडा. तिचा जीव लोखंडात अडकला होता.

मुलगी रांगत होती तेव्हा राखेचा बांध फुटला. तिचा नवरा त्याच कोपऱ्यातल्या पंपावर होता; तो कोपरा राखेखाली गेला. कंत्राटदाराने हात वर केले. म्हणाला, तो आधीच पळाला. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? ती टाकलेली बायको ठरली. चारचौघांत तीही त्याला शिव्या घाली. काही सापडलं तर तो गेला, न सापडलं तर त्याने टाकलं. यातलं काय मागावं, तेच तिला कळत नव्हतं.

दुपारी त्या कोपऱ्यातली ओली, घट्ट ढेकळं येऊ लागली. खाडकन आवाज झाला. चुंबकाला एक पान्हा चिकटला होता, दांड्याला तांब्याची तार गुंडाळलेला. ती तार त्याने घरी, तिच्यासमोर बसून गुंडाळली होती.

पट्टा पुढे सरकतच होता. तिने दोरी खेचून तो थांबवला.

साहेब धावत आले. "बाई, डोकं फिरलंय का? टाकीत माल जायला हवा! एका पान्ह्यासाठी पट्टा बंद?"

"माझा माणूस असेल या राखेत. त्याला आम्लात जाऊ देणार नाही."

साहेबांनी पट्टा सुरू करायच्या बटणाकडे नेलेला हात मागे घेतला.

दीर धापा टाकत आला आणि त्याने पान्हा चुंबकावरून ओढून काढला. "वहिनी, हा तर दादाचा..."

"पळाला नव्हता रे तो. मी मेली उगाच शिव्या देत बसले."

पान्ह्याच्या जबड्यात पंपाचा नट तसाच होता, राखेने घट्ट धरलेला. दिराने तो काढायला बोट घातलं.

"राहू दे," ती म्हणाली. "त्याचं काम चालू होतं."

नाकावरचं फडकं सोडून तिने पान्हा त्यात गुंडाळला. मग दोघं हातांनी पट्ट्यावरची राख उपसू लागली.