रोहूला बोकडाचा खुराक

हिशेबानं पाहिलं तर राधाकिसनच्या तळ्यातून सगळ्यात मोठा फायदा बायनाबाईचा होणार होता, आणि तिला तर माशाचा वासही चालत नव्हता. तिला एक महिना मिळणार होता. लेक छकुलीचं दुसरं बाळंतपण अंकुशनगरला, सासरीच करायचं होतं, आणि तिची सासू अंथरुणाला खिळलेली. छकुली फोनवर एवढंच म्हणाली, "माय, जमलं तर ये." रडली असती तर बायनाबाईनं समजूत घातली असती. ती रडली नाही.

अडचण एकच होती, नवरा. गुडघे गेले म्हणून मेंढरं विकली, तेव्हापासून राधाकिसन बसून असायचा. उन्हात बसवला तर उन्हात, सावलीत बसवला तर सावलीत. ताट पुढं केलं तर जेवायचा, नाही केलं तर भूक लागली असंही म्हणायचा नाही. असा माणूस महिनाभर कोणाच्या भरवशावर टाकणार? मुलगा सुग्रीव जालन्याच्या एमआयडीसीत, सळयांच्या कारखान्यात. त्याचीच पाळी रोज बदलायची.

मोसंबीसाठी केलेल्या शेततळ्यात सुग्रीवनं दोन वर्षांपूर्वी रोहूची पिल्लं सोडली होती, ती निव्वळ हौस म्हणून. त्यांना खायला घालता घालता राधाकिसन आपला आपण उठायला लागला, आपल्या हातानं भाकर घ्यायला लागला. पण उन्हाळा आला तसं सुग्रीवनं सांगून टाकलं, "आबा, मत्स्यबीज केंद्रवाले बियाण्याला मासे शोधून राह्यले. त्यांनी घेतले तर तळं ऱ्हाऊ दे. न्हाई तर पाणी मोसंबीला." त्याचंही चूक नव्हतं. झाडं वाळत होती.

केंद्राची मोनाली आली ती दुचाकीवर, मागं खोका बांधून. खोक्यात मोजपट्टी ठोकलेली फळी, काटा आणि कात्री.

"काका, जाळ्यात येतील त्यातले कोणतेही तीन तपासायला द्या."

"कोन्तेबी कशाला? निवडून देतो ना."

जाळ्यातला एकेक मासा तो उचलायचा आणि डोक्यामागं, पाठीच्या दोन्ही अंगांना अंगठा दाबायचा. बाजारात मेंढीच्या लोकरीखाली हात घालून पाठ चाचपतात, अगदी तसा. हाड लागलं की परत जाळ्यात. अंगठा रुतला की टोपल्यात.

"ह्या अंगठ्यानं अंबडच्या बाजारात कधी धोका खाल्ला न्हाई, ताई."

"माझ्या बापानं सोयरीक करताना असाच आंगठा लावून पाहाला असता तर!" बायनाबाई म्हणाली.

मोनाली हसली. पहिला मासा तिनं फळीवर आडवा घातला. पंचेचाळीस सेंटिमीटर, दीड किलो. वजनाचे ग्रॅम करून शंभरनं गुणले, लांबीला लांबीनं दोनदा गुणून त्यानं भागलं. मोबाइलवर आकडा आला, एक पॉइंट पासष्ट.

"बराबर हाय का?"

"एकाच्या थोडं वर असलं तरी पुरतं. हा फारच भरलेला आहे, काका."

राधाकिसननं त्यातलं 'भरलेला' तेवढं ऐकलं आणि बायकोकडं पाहिलं.

"वरून एवढंच कळतं," मोनाली म्हणाली. "आता पोट उघडावं लागेल."

"उघडा. जल्दी करा." जन्मभर जनावरं विकलेला माणूस, त्यानं तोंड फिरवलं नाही.

आत आतड्याभोवती पांढरी चरबी थापली होती. कलेजी तांबडी-तपकिरी असायला हवी. ही भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीसारखी पिवळी, आणि बोट लावलं तर बोट आत गेलं. काट्यावर साठ ग्रॅम भरली.

"शंभर ग्रॅम वजनाला चार ग्रॅम झाली. एक-दीड असावी. आणि वैशाखात मादीचं पोट अंड्यांनी भरलेलं पाहिजे." तिनं कात्रीच्या टोकावर एक बारीक पट्टी उचलली. "ही बघा अंडी. बारा ग्रॅम."

दुसरा मासा तसाच. तिसरा तसाच.

"खायला काय घालता?"

"मका, शेंगदान्याची पेंड, बाजरी, थोडा गूळ. खातील तितकं. बकरी ईदच्या आधी बोकडाला घालत व्हतो तेच. चाळीस दिसांत वळखू येत न्हाई बोकड."

"बोकडाला पुढं जगायचं नसतं, काका."

 मग बायनाबाईनंच विचारलं, "आन् मेंढीला घातला व्हता का कधी ह्यो खुराक?"

नव्हता घातला. चरबी चढलेली मेंढी गाभण राहत नाही, हे त्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक. पण माशाला थान नसतं. माद्यांनासुद्धा तो बोकड समजूनच चारत गेला.

"अवो ताई," बायनाबाई पुढं झाली, "ते टाकून दिल्याले बघा की. जाळ्यातच हायेत आजून. रोड हायेत ते, खुराकापस्तोर पोचलेच न्हाईत."

मोनालीनं जाळ्यात पाहिलं. "बघायला हरकत नाही. तेच चालतील कदाचित. द्या काका त्यातले तीन."

राधाकिसन जाळ्याची दोरी धरून उभा होता. "न्हाई."

"का वो?"

"रोड जनावर माझ्या नावानं दुसऱ्याच्या दारात गेलं न्हाई आजवर. लोक म्हनतील, राधाकिसननं मरतुकडं बियानं देलं."

"लोकाला काय कळतंय माशातलं! द्या म्हनते ना. छकुलीचे दिस भरत आले." बायनाबाईचा आवाज चढला नाही, पण तिनं दोनदा म्हटलं, "द्या."

त्यानं दोरी सोडली. जाळं सैल पडलं, रोड मासे खाली गेले, पाणी होतं तसं झालं. मोनालीनं कात्री धुतली. एक महिना काही घालू नका, पुढच्या वर्षी पुन्हा बघू, म्हणाली.

"पुढल्या वर्षाचं पानी पुढल्या वर्षी," सुग्रीव संध्याकाळी म्हणाला, आणि आठ दिवसांत मासे जालन्याच्या बाजारात गेले. गिऱ्हाइकांनी पोटं दाबून पाहिली आणि जाडे आधी उचलले.

राधाकिसन पुन्हा बसला. राग आला, दुःख झालं, असं काही दिसलं नाही. छकुलीला मुलगी झाली. सगळं तिच्या नणंदेनं निभावलं. बायनाबाईनं बाळाचं रडणं फोनवर ऐकलं, मग फोन नवऱ्याच्या कानाला लावला. तो ऐकत राहिला. फोन काढून घेतला तरी मान तशीच तिरकी. तिनं ताट वाढून पुढं केलं.

तर मोसंबीला पाणी मिळालं. गिऱ्हाइकांना जाडे मासे मिळाले. तीन रोहूंनी जीव दिला, मोनालीनं अर्धा दिवस. छकुलीनं वाट पाहिली, बायनाबाईनं मिळणारा महिना दिला. राधाकिसनच्या नावे काही निघत नाही. बाजारात त्याचं नाव अजून शाबूत आहे.