काटा मध्यावर येईपर्यंत

दादा काही शिकवायला लागला की समोरच्याने शाळेत असल्यासारखं उभं राहायचं, असा त्याचा न सांगितलेला नियम होता. टिंगी अठ्ठावन्न वर्षांची होती. पंचवीस वर्षं स्वतःची गाडी चालवत होती आणि दातांच्या लॅबमध्ये तिच्या हाताखाली चार माणसं कवळ्या बनवत होती. तरी त्या रविवारी सकाळी ती पत्र्याच्या शेडमध्ये हात मागे बांधून उभी राहिली, आणि तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, चांगला हातभर उंच असा तिचा भाऊ काठीवर रेलून तिला तिथल्या जुन्या गाडीचं इंजिन समजावू लागला. टिंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. घरातल्या बुटक्या माणसाला असलं नाव एकदा चिकटलं की केस पांढरे झाले तरी सुटत नाही.

"साध्या गाडीत पिस्टन वर-खाली होतात," दादा म्हणाला. "हिच्यात ते नाहीतच. हिच्यात तीन कोपऱ्यांचा रोटर गोल फिरतो. प्रत्येक कोपऱ्यावर एक बारीक पट्टी. ती पट्टी कोरडी पडली की संपलं. म्हणून इंजिन स्वतःच थोडं थोडं तेल आत सोडतं आणि जाळतं."

"म्हणजे तेल पिते."

"पिते. तो आजार नाही, स्वभाव आहे. साध्या गाडीचं तेल कमी झालं की लोक घाबरतात. हिचं कमी झालं नाही तर घाबरायचं. दर दुसऱ्या टाकीला तेल मोजायची पट्टी काढून बघायची. हे तेल." त्याने फळीवरचा डबा काठीने दाखवला. "साधं, खनिज. दुकानदार महागातलं गळ्यात मारायला बघेल. ऐकायचं नाही."

"नाही ऐकणार."

"हसू नकोस."

ती हसत नव्हती. 

सोमवारी दादाचा डावा खुबा बदलायचा होता. पुढचे सहा आठवडे क्लच दाबायचा प्रश्नच नव्हता, म्हणून ही शिकवणी. खुब्याचं ऑपरेशन काही आभाळ कोसळण्यासारखं नाही, पण दादाचं हृदय जरा नाजूक निघालं होतं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी कागदावर सही घेताना घसा दोनदा खाकरला होता. वहिनीने हे टिंगीला फोनवर सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर टिंगीने ठरवलं की आता सांगायचंच. असं तिने याआधीही ठरवलं होतं. त्याच्या लग्नाच्या वेळी, बाबा गेल्यावर, दादा निवृत्त झाला तेव्हा. प्रत्येक वेळी चहा प्यायला, इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि ती घरी गेली.

सांगायचं होतं ते दोन वाक्यांचं होतं. एकोणचाळीस वर्षांपूर्वी एका सकाळी ही गाडी बंद पडली ती दादामुळे नाही. ती तिच्यामुळे.

तेव्हा गाडी बाबांची होती. बाबा शिलाई मशीन दुरुस्त करत, आणि कुणा हौशी गिऱ्हाइकाने विकायला काढलेली ही विचित्र इंजिनाची गाडी त्यांनी हट्टाने घेतली होती. घरात तिचा एकच कायदा होता, तो सगळ्यांना पाठ होता: चालू केली की तापमानाचा काटा मध्यावर येईपर्यंत बंद करायची नाही. गार इंजिन पेट्रोल जास्त घेतं. तेवढ्यात बंद केलं तर न जळलेलं पेट्रोल आत साचतं, पट्ट्यांवरचं तेल धुऊन निघतं, प्लग भिजतात, आणि मग चावी कितीही फिरवा, इंजिन नुसतं खोकत बसतं.

टिंगीला त्या सकाळी परीक्षेला जायला उशीर झाला होता. तिची सायकल गाडीच्या मागे अडकलेली. तिने गाडी चालू केली, चार हात पुढे घेतली, सायकल ओढून काढली, गाडी होती तिथे मागे लावली आणि बंद केली. सगळं मिळून मिनिटभराचं काम. कायदा तिला आठवला नव्हता असं नाही. आठवला होता. एका मिनिटाने काय होतंय, असं तिला वाटलं होतं.

ती गेल्यावर अर्ध्या तासाने शेजारच्या गावच्या दवाखान्यातून फोन आला. बाबांचे थोरले भाऊ तिथे शेवटच्या घटका मोजत होते. दोघा भावांमध्ये अकरा वर्षं अबोला होता, आणि आता काकांनी स्वतः निरोप धाडला होता की त्याला बोलवा. बाबा धावत गाडीकडे गेले. गाडी चालू झाली नाही. प्लग काढले, पुसले, पुन्हा लावले, शेवटी बस पकडली. बाबा पोहोचले तेव्हा काकांच्या अंगावर चादर ओढलेली होती.

आदल्या संध्याकाळी गाडी दादाने नेली होती, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. एवढ्या अंतरात इंजिन कुठलं तापायला? बाबांनी विचारलं, आणि दादा म्हणाला, "मीच केलं असेल." त्यानंतर बाबा त्याच्याशी वर्षभर बोलले नाहीत. आपल्या दुरुस्तीच्या दुकानात त्याला घेणार होते, घेतलं नाही. दादा चष्म्याच्या काचा घासायला दुसऱ्याकडे नोकरीला लागला आणि तिथेच म्हातारा झाला. टिंगी मात्र तोंडात गुळणी धरून बसली. बाबांनी मरताना गाडी तिच्या नावे केली. कागदावर लिहिलं होतं, हिच्या हाताला शिस्त आहे म्हणून.

ती शिस्तीची बक्षिसी तिला एक दिवसही चालवावीशी वाटली नाही. मला त्यातलं काही कळत नाही, असं म्हणून तिने चावी दादाला दिली, आणि ज्याला बाबांनी गाडीला हात लावू दिला नाही तोच तिला बावीस वर्षं डोळ्यांत तेल घालून जपत आला.

"बस," दादा म्हणाला. "चालू कर."

ती बसली. दादा दुसऱ्या बाजूने पाय हाताने उचलून, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत, शेजारच्या सीटवर बसला. तिने चावी फिरवली. इंजिन एकदा गुरगुरलं आणि लागलं. आवाज तिला आठवत होता त्यापेक्षा बारीक होता, शिलाई मशीन दुसऱ्या खोलीत चालावं तसा.

"आता पाय काढ. रेस द्यायची नाही. नुसतं बसायचं. तापली की मग रस्त्यावर एकदा तिला मोकळी पळू दे, तेही लागतं. पण आत्ता नाही."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं. काटा बघ."

काटा तळाला पडून होता. टिंगीने आजवर हजारो कवळ्या घासल्या होत्या, लोकांच्या हिरड्यांचे साचे बघून ती त्यांचं वय सांगत असे, पण दहा मिनिटं एखाद्या माणसाशेजारी काही न करता बसायची तिला सवय नव्हती. एरवी तिला उठता यायचं. चहा ठेवते म्हणता यायचं, उशीर होतोय म्हणता यायचं. इथून उठायचं तर इंजिन बंद करावं लागलं असतं, आणि जगात एकच गोष्ट अशी होती की जी ती दादासमोर करू शकत नव्हती.

"दादा, काका गेले त्या दिवशी," ती म्हणाली, "सकाळी मी गाडी काढली होती. सायकल अडकली होती म्हणून. आणि बंद केली. ते तुझ्यामुळे झालं नाही."

दोन नाही, चार वाक्यं झाली. तिला इतकी भीती वाटत होती की तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

दादा काट्याकडे बघत राहिला.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"हेच. तू काढली होतीस ते."

"तुला कुणी सांगितलं?"

"सीटने. मी गाडी नेली की सीट पार मागे सरकवायचो, आठवतं? आणि बाबा रोज बसताना कुरकुर करायचे, 'या उंटाने परत सीट मागे नेऊन ठेवली.' तुझी आणि बाबांची उंची एकच. त्या सकाळी बाबा धावत आले, बसले आणि सरळ चावी फिरवली. सीट ओढली नाही. ओढावी लागलीच नाही. मी दाराशी उभा होतो. त्यांच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं."

 एकोणचाळीस वर्षं जे ओझं ती एकटी वाहत होती असं तिला वाटत होतं, त्याचं दुसरं टोक दादाच्या खांद्यावर होतं.

"मग बोलला का नाहीस?"

"तुझे पेपर चालू होते. म्हटलं संध्याकाळी तूच सांगशील. संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणून तू जेवायलाच आली नाहीस. मग म्हटलं पेपर झाल्यावर सांगेल. मग म्हटलं बाबा गेल्यावर तरी. त्यानंतर मी वाट बघायची सोडली." त्याने काठीची मूठ अंगठ्याने पुसली. "खोटं बोलतोय. सोडली नाही."

काटा तळापासून जरा वर आला होता.

"रागावलायस?"

"हो."

तो नाही म्हणेल असं तिला वाटलं होतं. मोठे भाऊ अशा वेळी नाही म्हणतात.

"काका भेटले नाहीत, त्याचा राग तुझ्यावर नाही," दादा म्हणाला. त्याचा आवाज तेलाबद्दल सांगताना होता तसाच होता. "एकोणीस वर्षांची पोर, घाई झाली, चुकली. पण बाबा माझ्याशी वर्षभर तुझ्यामार्फत बोलायचे. मी समोर बसलेला असायचो आणि ते तुला म्हणायचे, त्याला सांग, दिवा बंद कर. आणि तू सांगायचीस. 'दादा, दिवा बंद कर.' रोज. त्याचा आहे."

टिंगीला ते आठवत होतं. दिवाच नव्हे, दार लाव, पंखा कमी कर, तुझी पत्रं आलीत, सगळं. आपण निरोप्याचं काम किती नीट, एक अक्षर न बदलता करायचो, तेही आठवलं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज इतकी जुनी होती की रडूही आलं नाही.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"हं."

 शेडच्या पत्र्यावर एक पक्षी खुडखुड चालत इकडून तिकडे गेला. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावली, दोघांची तोंडं बघून तिने खिडकी लावून घेतली. काटा मध्यावर येऊन थांबला.

"आली," दादा म्हणाला. "चल आता."

तिने क्लच दाबला, आणि तेव्हा कुठे तिचं लक्ष स्वतःच्या पायाकडे गेलं. पाय बरोबर पोहोचत होता. गुडघा जितका वाकायला हवा तितकाच वाकला होता. गेल्या रविवारी गाडी दादाने, दुखऱ्या पायाने का होईना, स्वतः फिरवून आणली होती. आणि ती आज बसली तेव्हा सीट तिने पुढे ओढलीच नव्हती.

"सीट कुणी पुढे घेतली?"

"मी. तू यायच्या आधी."

"कशाला?"

"म्हटलं बघू, तुझ्या लक्षात येतंय का," दादा म्हणाला. "नाही आलं. बाबांवर गेलीस."

तिने गाडी बाहेर काढली. वीस मिनिटं ती गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर चालवत राहिली. दादाने एका ठिकाणी "आता" म्हटलं तेव्हा तिने रेस दाबली, आणि इंजिनाचा आवाज चढत चढत गेला तरी थरथरला नाही. दादाने डोळे मिटून तो ऐकला. बोलणं झालं ते एवढंच.

परत आल्यावर गाडी बंद करून पाच मिनिटं थांबायचं होतं, तेल खाली उतरेपर्यंत. मग तिने तेलाची पट्टी काढली, फडक्याने पुसली, पुन्हा बुडवून उजेडात धरली. तेल दोन खुणांच्या मधोमध होतं. तिने डबा उचलला आणि धार धरली. कवळ्यांचं मेण ओतणारा हात, एक थेंब बाहेर सांडला नाही.

"बास. काठोकाठ नको, जास्त झालेलंही तिला सोसत नाही." दादाने पट्टी स्वतः एकदा पाहिली. मग खिशातून दुसरी चावी काढून तिच्या हातात दिली. "दर रविवारी. सहा आठवडे. आणि मी उठलोच नाही टेबलावरून, तर विकू नकोस कुठल्या गाढवाला."

"उद्या चार वाजता मी तिथे असेन. उठ मुकाट्याने."

"बघतो."

ती फाटकापर्यंत गेली आणि परत आली.

"रविवारी गाडी चालू केली की तुला फोन करीन," ती म्हणाली.

"कशाला? सांगितलंय ना सगळं."

"दहा मिनिटं बसायचं असतं. बंद करता येत नाही."

दादाने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि थोडा वेळ तिच्याकडे बघितलं.

"चालू केल्यावर कर," तो म्हणाला. "आधी नको."