बारा बेल्ट, सात ठिपके

बाराही सेफ्टी बेल्टवर रंगाचे ठिपके होते. प्रत्येकावर सात, जवळपास समान अंतरावर, आणि झाडून सगळे हिरवे. कारखान्याचं छप्पर मात्र करड्या रंगाने रंगवलं जात होतं.

तिने पुन्हा मोजले. कारखान्याची सुरक्षा अधिकारी म्हणून मोजणं हे तिचं कामच होतं. टेबलापलीकडे रंगकामाचे ठेकेदार परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखे उभे होते. ठेकेदार म्हणजे तिचे सख्खे काका. ती लहानपणी जिन्याच्या पायऱ्यांची उंची मोजत बसायची, तेव्हापासून ते तिला मोजपट्टीच म्हणत. मॅनेजरसाहेबांना नातं माहीत होतं. ‘घरचंच आहे, तुम्हीच बघा,’ म्हणून त्यांनी अंग काढून घेतलं होतं.

गेल्या महिन्यात तिने काकांना हळूच सांगितलं होतं, की तुमच्या रंगाऱ्यांच्या चपलांवर, डब्यांवर, एकाच्या तर चष्म्यावरही रंग आहे; बेल्ट तेवढे कोरे करकरीत. काकांनी गंभीरपणे मान डोलावली होती आणि त्यातून नेमकं नको तेच उचललं होतं. रविवारी त्यांच्या घराचं फाटक हिरवं झालेलं तिने स्वतः पाहिलं होतं.

काम बंद करण्याचा छापील फॉर्म आठ आठवडे तिच्या खणात होता. दर सोमवारी ती तो बाहेर काढी आणि वहीत ‘तोंडी सूचना दिली’ एवढंच लिहून परत आत सरकवी. तिला विज्ञान शिकू द्यावं म्हणून याच काकांनी तिच्या वडिलांशी महिनाभर अबोला धरला होता. त्यांच्याविरुद्ध पहिली ओळ लिहायला हात धजत नव्हता.

“कर सही,” आजच्या कामाचा परवाना पुढे सरकवत काका म्हणाले. “मलाही वर चढायचंय. पोरं कोपरे सोडतात.”

“तुम्ही चढणार? या गुडघ्यांनी?”

“गुडघे जिन्याला कुरकुरतात. छपराला नाही.”

तिने एक बेल्ट उचलून त्यांच्या हातात दिला. म्हणाली, घाला बघू.

काकांनी तो उलटासुलटा केला. खांद्याच्या पट्ट्यात पाय घातला, काढला, मग दुसरा पाय घातला. मांडीचा पट्टा गळ्यात आला. दारात उभा असलेला चष्मेवाला रंगारी छताकडे बघू लागला. शेवटी काका एका पायावर उभे राहिले, टेबलाचा आधार घेत, आणि बकलावरची पारदर्शक फिल्म त्यांच्या बोटाला चिकटून सुटून आली.

“नवीन आहे ना,” ते म्हणाले.

“आठ महिन्यांचा आहे, काका.”

तिला हसू आलं, आणि मधेच थांबलं. टेबल अडीच फुटांचं होतं. छप्पर चाळीस फुटांवर होतं आणि तिथे धरायला टेबल नव्हतं. तिने पुढे होऊन त्यांचा पाय सोडवला, त्यांना खुर्चीत बसवलं, आणि खण उघडला.

काकांनी फॉर्मकडे पाहिलं. “मोजपट्टी, हे आणि काय?”

तिने पेनाचं टोपण काढलं. आज सोमवार नव्हता, मंगळवार होता.

“काका, प्रत्येकाला बेल्ट नीट घालता येईपर्यंत छपराचं काम बंद. सगळ्यात आधी तुम्ही शिकायचं.”